खोली ऐकणारे चाचा

आमच्या गल्लीत दुपारी दोनच्या सुमारास एका गॅलरीच्या कठड्यावर लाल पंचा पडायचा आणि सगळी गल्ली मुकी व्हायची. स्टीलच्या भांड्यांचा दुकानदार पातेल्यात पातेलं घालायचा थांबायचा. समोरचा शिंपी मशीनवरून पाय काढून काजं करायला घ्यायचा, कारण काजाला आवाज नसतो. बायका मिक्सर लावायच्या नाहीत. फेरीवाले तोंडाशीच पंचा बघून पुढच्या गल्लीत वळायचे. चार वाजता पंचा आत गेला की मशीन, मिक्सर, पातेली सगळी एकदम बोलायला लागायची. आवाजाबद्दलच्या सरकारी नियमांना या शहरात जे कधी जमलं नाही, ते एका पंच्याला जमलं होतं.

हे नगरात, कापड बाजाराच्या मागे. शहराचं नाव अलीकडे बदललं. गल्लीचं बदललं नाही, कारण तिला कधी नाव नव्हतंच.

मी तिथे नवी भाडेकरू. कॉलेजात मराठी शिकवायचे, दुपारी घरी असायचे आणि पंच्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. तिसऱ्या दिवशी हातातून तांब्या निसटला. जिन्यापर्यंत घरंगळत गेला. मिनिटभराने समोरचं दार उघडलं. पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, कानाला पेन्सिल, वय सत्तरीच्या जवळ.

"बाई, तुमचा तांब्या पडला."

"हो. माफ करा."

"माफी नको. परत पाडा."

मला वाटलं, टोमणा आहे. तो नव्हता. आत एक भजनी मंडळ खोळंबलं होतं आणि त्यांची पेटी वाटेत कुठेतरी आपटून बेसूर झाली होती. माझा तांब्या बरोबर त्यांच्या सुरात पडला, असं या गृहस्थांचं म्हणणं होतं. मी तांब्या दोनदा पाडला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, आत जाऊन मंडळाला तो सूर गुणगुणून दाखवला आणि दार लावून घेतलं. आभार मानायचे राहिले. ते त्यांनी संध्याकाळी मानले, शेवयांची खीर पाठवून.

त्यांना सगळे चाचा म्हणत. कोणी 'उस्ताद' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, आपल्या मागे कोण उभं आहे ते. घराणं पिंजाऱ्यांचं. वडील गावोगाव कापूस पिंजत फिरायचे आणि पिंजायच्या धनुष्याच्या तातीचा आवाज ऐकून कापसात किती ओल आहे ते सांगायचे. "बाप कापूस पिंजायचा, मी आवाज पिंजतो. काम एकच. गुठळ्या काढायच्या," चाचा म्हणायचे. लहानपणी त्या तातीच्या आवाजावर झोपलेला हा माणूस पुढे रेडिओ दुरुस्त करायला शिकला, मग लग्नांत माइक लावायला, आणि शेवटी त्याने त्या गल्लीत ध्वनिमुद्रणाची खोली थाटली. आत ध्वनिमुद्रण चालू असलं की गॅलरीवर तो लाल पंचा पडायचा. बाहेर पाटी नव्हती. "पाटी वाचून येणारा माणूस काय गाणार?" असं त्यांचं मत होतं.

खोलीत शिरणाऱ्याला प्रथम वाटायचं, आपण चुकून गादीवाल्याकडे आलो. चारही भिंतींना छतापासून जमिनीपर्यंत गोधड्या. नव्या नाहीत, वापरलेल्या. नव्या गोधडीत आवाज बसत नाही, ती आधी माणसांखाली मऊ व्हावी लागते, असं ते सांगत. कोणाच्या घरची कुठली गोधडी हे त्यांना पाठ होतं. "हिच्यापुढं उभे राहा, ही नेवाशाची आहे, शांत आहे," असं ते गायकांना सांगायचे आणि गायक निमूट उभे राहायचे.

एका भिंतीत एसीसाठी भोक पाडलेलं होतं. पुतण्याच्या आग्रहावरून एसी आणला, एक दिवस चालवला, "हा माणूस सारखा बोलतो" म्हणून परत केला. भोक राहिलं. त्यात गोणपाट कोंबलं, आतून फळी ठोकली आणि वरून गोधडी सोडली. या भोकाकडे पुढे यायचं आहे.

काम सुरू करण्याआधी चाचा मनगटावरचं घड्याळ काढून शेजारच्या खोलीत ठेवत आणि पाच मिनिटं खोली ऐकत. म्हणजे काय, तर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ते ती शांतता ध्वनिमुद्रित करायचे. सगळ्या शांतता त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एका कपाटात कॅसेटी, अलीकडच्या संगणकात. प्रत्येकीला नाव: 'उन्हाळा, दुपार, पंखा बंद.' 'पाऊस थांबल्यावर, दोन माणसं.' 'बायको गेल्यावर, चाळिसाव्यानंतर.' मी एकदा विचारलं, "चाचा, या ऐकता कधी?"

"ऐकत नाही. पण आहेत ना."

मला त्यात काही खोट काढता आली नाही. माझ्याकडेही न वाचलेली पुष्कळ पुस्तकं आहेत.

माइकपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ते आधी तीनच गोष्टी बोलायला लावत: नाव, गाव, काय खाल्लं. त्यावरून आवाजाची पातळी ठरायची. एकदा जिल्हा परिषदेचे एक उमेदवार स्वतःचं आवाहन स्वतःच्या आवाजात मुद्रित करायला आले. बरोबर सात जण, त्यांतला एक नुसता पाण्याची बाटली धरायला. "मी आपला नम्र सेवक" हे वाक्य चाचांनी त्यांच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्यांदा साहेब तापले.

"अहो, चुकतंय काय?"

"चुकत काही नाही साहेब. खोलीला पटत नाही."

मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "सकाळी काय खाल्लं म्हणालात?"

"पोहे," साहेब वैतागून म्हणाले.

"हा. हा आवाज. याच आवाजात सेवक म्हणा."

साहेबांनी म्हटलं आणि पहिल्यांदाच खरं वाटलं. ते निवडून आले. त्यानंतर त्यांचा पोह्यांचा आवाज कोणाला ऐकायला मिळालेला नाही.

संगणकाशी त्यांचं नातं सावत्र होतं. पुतण्याने तो बसवून दिला होता आणि त्याच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या लाटा दिसायच्या. चाचा काम करताना त्या पडद्यावर मोठा रुमाल टाकत. "डोळ्यांनी ऐकायची सवय लागते. मग कान आळशी होतात." आवाज सुबक करून देणारी जी काही यंत्रं असतात, त्यांना ते इस्त्री म्हणायचे. "इस्त्री होणार नाही. सुरकुती असेल तर असेल."

माझी त्या खोलीत नेमणूक कशी झाली ते सांगायला हवं. मी राहायला आले त्याच उन्हाळ्यात एकदा त्यांनी मला बोलावलं आणि कानाला लावायचा हेडफोन पुढे केला. "बाई, तुम्ही मराठीच्या. आवाज मी बघतो, अक्षरं तुम्ही बघा. स, श, ष नीट निघतात का एवढं सांगा. आजकालची पोरं अक्षरं खातात." मला बरं वाटलं. कॉलेजात मी वीस वर्षं अक्षरांबद्दल सांगत होते आणि कोणी विचारत नव्हतं. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन दुपारी मी तिथे बसू लागले. हवं तर टोकायचं, नाहीतर गप्प बसायचं. या बोलावण्यामागे आणखी काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाला कोणी हुशार म्हटलं की तो पुढचा विचार करत नाही.

असं तीन वर्षं चाललं. मग टँकर आला.

हे त्याचं घरचं नाव नव्हे. रॅप करणाऱ्यांना टोपणनाव लागतं, आणि पाथर्डीकडच्या ज्या गावात तो वाढला तिथे लहानपणी त्याने पाहिलेली सर्वांत भव्य गोष्ट पाण्याचा टँकर होती. आमच्या जिल्ह्याला उत्तर आणि दक्षिण आहे. उत्तरेत कालवे, ऊस, कारखाने आणि पुढारी. दक्षिणेत माळ. दक्षिणेची माणसं दर हिवाळ्याआधी उत्तरेत ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. टँकरचे आईबाप तसेच जायचे. बरोबर तोही.

पहिला अल्बम त्याने मित्राच्या मारुती व्हॅनमध्ये केला होता, काचांना आतून चादरी लावून. तो सगळा पाण्याबद्दल होता आणि मोबाईलवर इतका फिरला की माझ्या वर्गातल्या मुलांना कवितेची एक ओळ पाठ नसताना तो सगळा पाठ होता. दुसऱ्या अल्बमसाठी त्याला चांगली खोली हवी होती.

"पहिल्यात सगळं बोलून झालं, चाचा," तो आला त्या दिवशी म्हणाला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, उंच, गळ्यात जाड साखळी. पायताण मात्र दाराबाहेर नीट जोडीने काढलेलं. "आता लोक म्हनत्यात, दुसरा कधी? मला रातच्याला झोप न्हाई. दुसरा पडला तर पहिला बी चुकून झाला असं म्हनतील."

"नाव, गाव, काय खाल्लं?"

त्याने सांगितलं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चाचांनी पाच मिनिटं खोली ऐकली, मग त्याचं एक कडवं ऐकलं, आणि म्हणाले, "फार पळतोस."

"रॅप हाय चाचा. पळावंच लागतं."

"पळ की. पण कुठं चाललास ते मागच्याला कळू दे."

अल्बमचं नाव 'कोपी'. ऊसतोडीची माणसं उसाच्या पाचटाची जी झोपडी घालतात, ती कोपी. नऊ गाणी. मला रॅप कळत नाही; मला ते मुक्तछंदाने पायात चप्पल न घालता पळाल्यासारखं वाटतं. पण चौथं गाणं आईचं होतं आणि त्यात दोन ओळी होत्या:

*कोपीला न्हाई दार, दाराला न्हाई कडी,*
*आई निजली तरी उसात तिची अर्धी कुडी.*

मी अक्षरं तपासायचं विसरले. चाचांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"याच्यानंतर काही नको."

"बीट हाय ना, चाचा. सोळा मात्रा."

"बीट नको. तू नको. खोली वाजू दे."

"नुसती शांतता? लोक पुढं ढकलतील."

"ढकलू देत. ज्याची आई आहे तो थांबेल."

टँकरने वाद घातला, रुसला, खाली जाऊन चहा पिऊन आला आणि मग ऐकलं. दोन ओळींनंतर सोळा मात्रांची मोकळी जागा राहिली. माइकही चाचांनी त्याच्या तोंडापासून लांब ठेवला होता. माणूस खोलीत आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून.

त्या मोकळ्या जागेत चिमण्या होत्या.

मी हेडफोनवर ऐकत होते, तेव्हा आधी वाटलं बाहेरचं काहीतरी आहे. पुन्हा ऐकलं. चिव, चिव, चिव. गोधडीमागून. एसीच्या भोकात बाहेरच्या बाजूने चिमण्यांनी घर केलं होतं, गोणपाट उपसून, आणि पिल्लंसुद्धा झाली असावीत, कारण मधेच एकदम घाईघाईची चिवचिव व्हायची. एरवी भजनात टाळ, पेटी, तबला; कुठे फटच नसते. इथे फट होती.

मी चाचांकडे बघितलं. त्यांच्या हेडफोनमध्येही तोच आवाज चालू होता. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर मोठं समाधान. "बघा बाई," ते म्हणाले, "कशी आहे. इतकी निखळ शांतता मी आयुष्यात धरली नव्हती."

या माणसाच्या पंच्याखाली सगळी गल्ली श्वास रोखून बसायची ती त्याच्या कानांवरच्या विश्वासाने. खोलीत पाटी नव्हती, पदवी नव्हती, कुठली फ्रेम केलेली प्रशस्ती नव्हती. होते ते कान. ते गेले हे त्याला कोणी सांगायचं?

जिन्यात टँकर माझी वाट बघत उभा होता.

"मॅडम, तुमी ऐकलं का?"

"ऐकलं."

"त्यांना न्हाई ना ऐकू येत?"

"नाही."

तो साखळीशी चाळा करत राहिला. मी म्हटलं, "अल्बम तुझा आहे. तुला झोप लागत नव्हती ना? सांगून टाक. फळी काढून भोक बुजवू, पुन्हा करू."

"कोपीत चिमन्या असायच्याच, मॅडम. पाचटात. आई भाकरीचा चुरा टाकायची." मग साखळी सोडून म्हणाला, "आन् तसं नसतं तरी मी न्हाई सांगनार. माझा दुसरा हाय. त्यांचा कितवा हाय ते कोनाला म्हाईत?"

या दोन कारणांपैकी खरं कुठलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही असावीत. मी त्याच्याइतकी चांगली नसल्यामुळे मी दुसऱ्या दिवशी गच्चीवरून त्या भोकावर टाळ्या वाजवून चिमण्या उडवायचा प्रयत्न केला. खालून शिंपी ओरडला, "ओ मॅडम, पंचा हाय बाहेर!"

उरलेली पाच गाणी चिमण्यांसकट झाली.

प्रकाशन समारंभ राहात्याला, एका मंगल कार्यालयात. उत्तरेतल्या एका बड्या असामीने अल्बमचं पालकत्व घेतलं होतं; साखरेतली असामी. ऊसतोडणीच्या दुःखावरचा अल्बम उसाच्या मालकाने प्रकाशित करावा यात कोणालाच काही खटकलं नाही, म्हणजे मला खटकलं, पण माझं नाव निमंत्रणपत्रिकेवर नव्हतं. बाहेरच्या फ्लेक्सवर छत्तीस फोटो होते. टँकरचा फोटो खाली उजवीकडे, लिंबाएवढा.

कार्यक्रम ठीक दहाला होता, त्यामुळे एकला सुरू झाला. चाचांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी मला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. यावर मी वाटेत त्यांना डिवचलंही. "आज सुरकुती चालणार नाही का, चाचा?" "आज मी गात नाही ना," ते म्हणाले. खुशीत होते.

प्रमुख पाहुणे उभे राहिले. त्यांच्या स्वीय सहायकाने गाडीत अल्बम ऐकून त्यांना मुद्दे काढून दिले असावेत, कारण ते कागदात बघून म्हणाले, "मित्रहो, या संपूर्ण अल्बममध्ये मला सर्वाधिक भावलं काय असेल, तर त्या चिमण्या!"

टाळ्या. टँकर स्टेजवर होता, त्याने एकदम खाली बघितलं.

"चौथ्या गाण्यात शब्द थांबतात आणि चिमण्या बोलू लागतात. पर्यावरणाचा केवढा मोठा संदेश! आज चिमणी नामशेष होत असताना, आपल्या नगरचे हे ज्येष्ठ ध्वनितज्ज्ञ चिमणीला आवाज देतात! माझी त्यांना विनंती आहे, त्यांनी मंचावर यावं."

चाचा उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, आणि तेवढं त्यांना पुरलं.

मग ते गेले. शाल घातली, नारळ दिला, फोटो झाले. "चिमण्यांची कल्पना कशी सुचली, दोन शब्दांत सांगा," निवेदिका म्हणाली आणि माइक पुढे केला. चाचांनी तो तोंडापासून थोडा लांब धरला. सगळं सभागृह गप्प झालं. बराच वेळ. मला वाटतं, ते ती खोली ऐकत होते.

"मी दार बंद केलं होतं," ते म्हणाले. "फळी पण ठोकली होती."

बस एवढंच. लोकांना वाटलं काही खोल अर्थाचं आहे. प्रचंड टाळ्या पडल्या.

परतीला आम्ही टँकरच्या व्हॅनमध्ये होतो, त्याच चादरीवाल्या. चाचा पुढे, मांडीवर नारळ. राहुरी मागे पडली. मग टँकर स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "चाचा, चिडलात का?"

"गाडी बघून चालव."

घरी पोचल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. पडद्यावरचा रुमाल काढला. तो काढलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला हेडफोन दिला आणि त्यांच्या शांतता एकेक करून लावायला लागले, अलीकडून मागे मागे.

"यात?"

"आहेत."

"यात?"

"आहेत, चाचा."

"ही गेल्या दिवाळीच्या आधीची."

"आहेत."

असं बरंच मागे गेल्यावर एक शांतता खरोखरच रिकामी निघाली. मी मान हलवली. त्यांनी नाव वाचलं: 'उन्हाळा, दुपार, एसी परत केल्यावर.' मी त्या गल्लीत आले तो उन्हाळा.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं भजनांत चिमण्या होत्या. कोणी बोललं नाही."

"भजनवाल्यांना ऐकू आल्या नसतील. तिथे फट कुठे असते?"

"आल्या असतील, बाई. मला ऐकवल्या नाहीत."

मी म्हटलं, "चाचा, आमचं चुकलं."

त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं. पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली. "स गेला ते मला माहीत होतं. स, श, सगळी ती वाऱ्याची अक्षरं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. पोरं अक्षरं खात नव्हती. मलाच मिळत नव्हती. ते चालवून घेतलं मी. म्हटलं, अक्षरं बाईंकडे, आवाज माझ्याकडे." त्यांनी भोकावरच्या गोधडीकडे बघितलं. "चिमण्या गेल्या ते माहीत नव्हतं."

तीन वर्षं मी ज्या हुशारीच्या जोरावर त्या खुर्चीत बसत होते ती हुशारी नव्हती. तो एका माणसाने दुसऱ्याकडून मागून घेतलेला कान होता. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट, तीन वर्षांत आपण काहीतरी खरोखर उपयोगाचं केलं, असं पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पंचा बाहेर पडला. मला आश्चर्य वाटलं, कारण कोणाचंही काम ठरलेलं नव्हतं. समोर गेले तर टँकर आधीच आलेला. चाचांनी त्याला आपल्याजवळ, जमिनीवर बसवून घेतलं होतं.

"अल्बम लावतो," चाचा म्हणाले. "सगळा. चिमणी बोलली की माझ्या गुडघ्यावर बोट मार. जशी बोलेल तसं. जोरात बोलली तर जोरात. जमेल?"

"जमंल की."

"ठेका सोडू नकोस."

अल्बम सुरू झाला. पहिल्या गाण्यात टँकरचं बोट नुसतं अधांतरी राहिलं, मधेच एकदा पडलं. दुसऱ्यात तीन-चारदा. चाचांचे डोळे मिटलेले, मान किंचित कलती, ऐकताना नेहमी असायची तशी. तिसऱ्यात ठेक्याआड एक चिमणी बराच वेळ बोलते; टँकरचं बोट एका लयीत पडत राहिलं आणि मला दिसलं, चाचांचा दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर तसाच पडू लागला आहे. गल्लीत कुठेही आवाज नव्हता. गोधडीमागे चिमण्या त्याही दुपारी बोलत होत्या, रेकॉर्डमधल्या आणि भिंतीतल्या एकमेकींत मिसळत होत्या, आणि टँकर बिचारा दोन्हींची बोटं मारत होता.

चौथं गाणं आलं. कोपीला न्हाई दार, दाराला न्हाई कडी. मग त्या सोळा मात्रा. टँकरच्या हाताची पाचही बोटं गुडघ्यावर नाचायला लागली.

"एवढ्या?" चाचा डोळे न उघडता म्हणाले.

"दोन मोठ्या हायत. आन् पिल्लं."

"पिल्लं कुठली?"

"ही. करंगळीची."

चाचांनी मला ती जागा पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली. मग त्यांनी डोळे उघडले आणि चेहऱ्यावर तोच जुना भाव आला, गायकाची सुरकुती सापडल्यावर यायचा तो.

"इथं जरा पुढं आल्यात," ते म्हणाले. "मला सांगितलं असतं तर मागं घेतल्या असत्या. काढल्या नसत्या."